चोरीला गेलेली फेरी

१

नवलवाडीत त्या शनिवारी चोरी झाली, पण पंचनामा करायला हाताला काही लागण्यासारखं नव्हतं. दागिना जागेवर होता, मोबाईल जागेवर होते. गेली होती ती नावेतली एक फेरी.

नवलवाडी म्हणजे नसरापूरहून वेल्ह्याकडं जाताना, मार्गासनीच्या अलीकडे झालेली करमणुकीची बाग. पाळणे, पोहायचे तलाव, अंधारातली आगगाडी, सगळं आहे. फक्त रांग नाही. जागा आधीच मोबाईलवर राखायच्या आणि फाटकावर मनगटाला निळा पट्टा चढवायचा. त्या पट्ट्यात तुमचं नाव, वय, राखलेल्या फेऱ्या, वडापावाचे पैसेसुद्धा. पट्टा खांबाला लावायचा, दिवा हिरवा झाला की आत. घरातल्या एकाच्या मोबाईलवर बाकीच्यांचे ठिपकेही दिसतात, कोण कुठं आहे ते. पूर्वी जत्रेत माणूस हरवायचा. आमच्याकडं तशी सोयच ठेवलेली नाही.

मी तिथं तक्रारखोलीत बसते. दिवसभर लोक माझ्यासमोर भांडतात, आणि संध्याकाळी भोरला घरी गेलं की शांतता, असं मी पूर्वी म्हणायचे. आता आमच्या यजमानांनी, रघुवीरांनी, पावलं मोजणारं घड्याळ घेतलंय. त्यांची पावलं रोज एका गटात जातात आणि पलीकडच्या गल्लीतल्या एक बाई त्यांना न चुकता पसंतीचा अंगठा देतात. तेव्हा मत्सर कसा असतो, हे मला कुणी समजावून सांगायला नको.

दुपार कलल्यावर दार ढकलून एक तरुण आत आला. मागं त्याची बायको, ओल्या केसांची, हातात हिरवा चुडा.

"मॅडम, मी सोमनाथ. पासलीचा. ही वैष्णवी." तो धापा टाकत होता. "लग्नाला वर्ष झालं म्हणून म्या म्हैनाभर आदी हिच्या नावानं चंद्रनाव राखली. दोन जागा. आत्ता गेलो तर दिवा लाल. म्हंती फेरी झाली. आमी बसलोच न्हाई तर झाली कशी?"

चंद्रनाव म्हणजे दोघांची छोटी नाव. जिच्या नावानं राखली तिच्यासोबत फेरीचा दुसरा कुठलाही पट्टा चालतो. कालव्यातून फिरते, बांबूच्या बनातून जाते आणि परत धक्क्याला येते. तिची जागा मिळायला महिना लागतो हे खरंच आहे.

मी संगणकात पाहिलं. पडदा जरा त्याच्या बाजूला वळलेला होता, त्यामुळं पडद्यावर उमटलेलं माझ्याआधी त्यानं वाचलं.

पहिला पट्टा वैष्णवीचा. दुसरा पट्टा कुणा इंद्रजितचा. वय पंचवीस. गाव मार्गासनी.

सोमनाथ बायकोकडं वळला. आवाज अगदी खाली आला होता.

"तुझ्या म्हायेरचा हाय."

वैष्णवीनं मनगटावरचा पट्टा मुठीत धरला.

"तुझ्या आबांना फोन लाव. न्यायला या म्हण."

२

मार्गासनी काही लांब नाही. मोटारसायकलनं निघालेला बाप चहा निवायच्या आत पोचेल, एवढंच अंतर. तेवढाच वेळ माझ्या हातात होता. एकदा का बापानं लेकीला मागं बसवून नेली की मग खरं काय ते कळून उपयोग नसतो. गाव आपलं ठरवून मोकळं होतं.

मी सोमनाथला बाहेर बसवलं आणि वैष्णवीला पाणी दिलं.

"तू बसली होतीस नावेत?"

"न्हाई."

"मग तुझा पट्टा कुणाकडं होता?"

तिनं चुड्याच्या वर चढवलेला पट्टा चाचपला. "माझ्याच हातात हुता. सकाळपासनं."

"मग पट्टा नावेत आणि तू बाहेर, हे कसं जमलं?"

"तुमचं मशिन बिघडलं असंल."

"इंद्रजितला ओळखतेस?"

"गावातला हाय. आइस्क्रीमच्या गाडीपाशी भेटला. बोलले म्या. बोलायला बंदी हाय का?"

पोरगी तेज होती. पण खोटं बोलत होती, आणि तेही अशा रीतीनं की तिचंच नुकसान व्हावं. असं खोटं माणूस स्वतःसाठी बोलत नाही.

"बघू तो पट्टा," मी म्हटलं.

पट्टा तिच्या बारीक मनगटावर सैल फिरत होता. त्याच्या भोकांपैकी शेवटचं, सगळ्यांत मोठ्या घेराचं भोक ताणून लांबट झालं होतं. बक्कलपाशी आतल्या बाजूला काळपट डाग होता. मेंदीचा नव्हता, मेंदी लाल असते. मी तो बोटानं पुसला. पूर्ण गेला नाही.

"काजळ लावतेस?"

"न्हाई मॅडम." ती पहिल्यांदाच गोंधळली. मग पटकन हात मागं ओढला.

बाहेर बाकावर तिची सासू, धोंडाबाई, नऊवारीचा ओचा सावरून बसली होती. मांडीवर कापडी पिशवी आणि हातात मिसरीची डबी. तिच्या शेजारी थोरली सून मंगल. थोरला मुलगा गावी राहिला होता म्हशींपाशी. खिडकीतून मला दोघी दिसत होत्या. मंगलच्या चेहऱ्यावर काळजी होती, आणि काळजीच्या आड थोडा सण होता.

३

"तुमी मला आत बोलवणार हे म्हाईत हुतं," मंगल खुर्चीत बसत म्हणाली. "पण म्या काय सांगायची न्हाई. जाऊ हाय माझी."

मी गप्प राहिले. तक्रारखोलीत शिकलेली ही एक युक्ती.

"आता इचारताच हाय तर सांगते. आइस्क्रीमपाशी त्या पोराशी बोलत हुती. हसून. आन् तलावात बी. पाण्यात उभी राहून नावांकडं बघत हुती आन् एकटीच हसत हुती. म्या म्हनलं, याड लागलं का गं? तर म्हंती, वयनी, काय न्हाई."

"मग?"

"मग म्या बाहेर आले, केस पुसायला. ती तितंच. पुढचं मला म्हाईत न्हाई."

"तुमची कधी राखली होती का चंद्रनाव?"

मंगलनं खोलीतल्या पंख्याकडं पाहिलं. "माझ्या लग्नाला बारा वर्सं झाली. आमच्यांनी मला येकदा बनेश्वरला नेलं, ते बी टेम्पोत खताच्या गोण्या हुत्या म्हणून वाटेत." ती थांबली. "सोमभावजी लई करत्यात बायकूचं. करावं. आमी कशाला जळू?"

तिनं न जळण्याबद्दल आणखी बरंच सांगितलं. मी ऐकून घेतलं.

"पट्टा हातात असताना तलावात उतरल्या होतात का तुम्ही?"

"छ्या. पाण्यानं बिघडतो की. आमी दोघींनी पट्टे काढून आत्यांच्या पिशवीत टाकले. मंगळसूत्रं, कानातली, सगळंच. आत्या काठाला बसल्या हुत्या पिशवी घेऊन."

मी तिच्याकडं बघत राहिले. हा पट्टा पाण्यासाठीच केलेला आहे. काढू नका, म्हणून फाटकावर कर्ण्यातून सारखं सांगतात. पण घड्याळ असो की बाळी, पाण्यात उतरायच्या आधी सासूच्या हवाली करायची, हे पासलीच्या बायकांना कोणता कर्णा विसरायला लावणार.

म्हणजे वैष्णवी धडधडीत खोटं बोलत होती. पट्टा तिच्या हातात नव्हताच. तो पिशवीत होता. आणि तलावातून आधी बाहेर आली होती ती मंगल.

"केस पुसायला किती वेळ लागला तुम्हाला?"

मंगल उठून उभी राहिली. "म्हंजी? म्या चोरली व्हय नाव?"

४

इंद्रजितला शोधणं सोपं होतं. त्याचा ठिपका फाटकापाशी होता. उंच, लाजरा, पायात पांढरे बूट. भोरला कॉलेजात प्रयोगशाळेत नोकरीला होता. सोमनाथ त्याला पाहताच उठला, मी मधे उभी राहिले.

"मॅडम, मी तलावात होतो," इंद्रजित म्हणाला. "पट्टा काढून टॉवेलवर ठेवला होता, काठावर. परत आलो तर तिथंच होता."

"तूही काढलास?"

"आजोबा म्हणाले, भिजला तर भरून द्यावा लागेल."

"आजोबा कुठं आहेत?"

"घरी गेले असतील. त्यांना पाण्याची आवड नाही. बाकावर बसून कंटाळले. मी मघाशी वैष्णवीताईला विचारलं, आमचे आनंदराव आजोबा दिसले का म्हणून. ती हसली नुसती. 'हायेत कुठंतरी' म्हणाली."

ताई. सोमनाथनं तो शब्द ऐकला, पण त्या क्षणी त्याला काहीही ऐकायचं नव्हतं. "समद्यांम्होरं ताईच म्हणणार," तो म्हणाला. त्याच्या हातात मोबाईल होता. त्यावर वैष्णवीचा ठिपका, दिवसभराचा माग लाल रेघेनं काढलेला. ती रेघ कालव्यातून गोल जाऊन येत होती. तो ती बोटानं मोठी करून करून बघत होता, जणू आणखी मोठी केली की आतली माणसं दिसतील.

मला त्याची दया आली. रात्री रघुवीर झोपल्यावर मीही एकदा कुणाच्या तरी अंगठ्याचं चित्र असंच मोठं करून पाहिलंय.

मी चंद्रनावेच्या धक्क्यावर गेले. तिथं कॅमेरा आहे, पण माकडांनी त्याचं तोंड वर केलेलं. आठवडाभर तो आभाळाचं चित्र घेतोय. नावांवर गोरख असतो, आमचाच वेल्ह्याचा.

"गोरख, वैष्णवीच्या बुकिंगवर कोण बसलं होतं?"

"ताई, आमी दिवा बघतो. हिरवा झाला, बसवलं. तोंडं बघायला कुठं वेळ?"

"काहीच आठवत नाही?"

त्यानं कान खाजवला. "आठवतं ते येवढंच, त्या फेरीला दोघांनी चपला काढल्या हुत्या. धक्क्यावर. मी नाव सोडल्यावर बघितलं, दोन जोड पडल्यात. परत आल्यावर घालून गेले. आन् दुसरं म्हंजी..." तो खिशात हात घालून चिडक्या आवाजात म्हणाला, "हे. पाण्यात टाकून गेले. जाळीत अडकलं, पंप बंद पडला. आत्ता काढलं. सिमेंटच्या कालव्यात कोन टाकतं हे?"

त्याच्या तळहातावर एक नाणं होतं.

मी ते घेतलं आणि धक्क्याच्या कठड्याला टेकून उभी राहिले. नाणं ओलं होतं. आणि सगळं एकदम माझ्या पुढ्यात येऊन बसलं.

५

मी धोंडाबाईंना एकटीला आत बोलावलं. दार लावलं. बाहेर मोटारसायकल थांबल्याचा आवाज आला होता.

"बसा," मी म्हटलं. नाणं टेबलावर ठेवलं. त्यांनी ते पाहिलं आणि पदर पुढं ओढला.

"धोंडाबाई, माझ्या बागेत नाणं घेऊन कोण फिरतं? सगळं पट्ट्यावर मिळतं. वैष्णवी आणि मंगल तर भाड्याच्या पोशाखात होत्या, त्याला खिसाच नसतो. इंद्रजित पाण्यात होता. नाणं असतं ते कनवटीला लावणाऱ्या बाईकडं."

त्यांनी मिसरीची डबी पदराआड सारली.

"नावेत पाय ठेवायच्या आधी चपला काढणं, पाण्याला नाणं वाहणं, हे पट्टा घालून आलेल्या पोरांना सुचत नाही. ज्यांनी खरी नदी ओलांडलीय त्यांनाच सुचतं. आणि वैष्णवीच्या पट्ट्यावर मिसरीचा डाग आहे. शेवटचं भोक ताणलंय. तिचं मनगट केवढं, तुमचं केवढं."

धोंडाबाईंनी स्वतःच्या मनगटाकडं पाहिलं. भात लावून आणि झोडून जाड झालेलं, गोंदलेलं मनगट. त्यावरचा त्यांचा पट्टा साठीपुढच्यांचा होता. निवांत पट्टा म्हणतो आम्ही त्याला. स्वस्त असतो. बसा आणि खा. रंग तोच निळा, पण कुठल्याही फेरीला लावला की दिवा लाल, आणि मोबाईलवर ठिपकाही नाही.

"दुसरा पट्टा आनंदरावांकडं होता," मी म्हटलं. "नातवाच्या टॉवेलवरचा."

त्या खिडकीकडं बघत बोलू लागल्या.

"माझं बी म्हायेर मार्गासनीच. गुंजवणीला पानी चढलं की आमी गुऱ्हाळाच्या काहिलीत बसून पल्याड जायाचो. पोरंपोरं. आनंदा फळीनं वल्हवायचा. येकदा काहील उलटली, आन् माझ्या बानं मला काठावर आणून बडवली. दुसऱ्या वर्सी माझं लगीन पासलीला." त्यांनी तोंडावरून हात फिरवला. "आज बाकाम्होरं येऊन हुबा राह्यला. म्हातारा झालाय, वळखलाच न्हाई. म्हनला, धोंडे, काहिलीत बसतीस का?"

"मग?"

"मग काय. दोगांच्या पट्ट्याला लाल दिवा. हसायला लागलो. म्या पिशवीत हात घातला, हाताला पयला लागला तो हिचा."

"हिचाच लागला?"

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. लबाडी पकडली गेलेल्या पोरीसारखं.

"न्हाई. शोधून काढला. खरं सांगते बाई, मला हिचा राग आला हुता. हिच्यासाठी सोमनं म्हैनाभर आदी नाव राखली. मला पट्टा बांदला तवा म्हनला, आई, तू सावलीला बस. म्या काय खाटंवरची हाय का? दोन म्हयने झाले न्हाईत, धा पोती भात झोडलं म्या. मला वाटलं, हिच्या वाटची येक फेरी आपण मारावी. पट्टा हाय तवर कितीबी फेऱ्या असत्याल, असं वाटलं. येकच असती हे ठाव न्हवतं."

"नावेत काय बोललात?"

"काय बोलनार. त्याचे गुडगे, माझी साखर."

बाहेर पुरुषांचे आवाज चढले होते. वैष्णवीचे आबा आले होते.

"पण धोंडाबाई, तिला घराबाहेर काढायला निघालेत. तुम्ही बाकावर बसून ऐकत होतात."

"लेकराम्होरं कसं सांगू? नवरा गेल्याली बाई, परक्या बाप्याबरूबर..." त्यांनी माझा हात धरला. "तुमीच काय तरी सांगा. मशिन बिघडलं म्हना."

"मशिन बिघडलं असं वैष्णवीच सांगत होती. तेही तुमच्यासाठी."

"माझ्यासाठी?"

"तिनं तुम्हाला पाहिलंय. तलावात उभी राहून ती नावांकडं बघून हसत होती, मंगलनं सांगितलं. तुमच्याकडं बघत होती ती. दिवा लाल झाला तेव्हाच तिला सगळं कळलं असणार. तरी पट्टा माझ्याच हातात होता म्हणते."

धोंडाबाईंनी टेबलावरचं नाणं उचललं, कनवटीला लावलं, आणि दार उघडून बाहेर गेल्या.

६

बाहेर वैष्णवीची पिशवी मोटारसायकलच्या हँडलला लटकलेली होती. तिचे आबा मान खाली घालून उभे होते. मंगल रडत होती, का ते तिलाही सांगता आलं नसतं.

"ती पिशवी काढ," धोंडाबाई म्हणाल्या.

"आई, तू मधी पडू नगंस," सोमनाथ म्हणाला.

"मधी मीच हाय. नावेत म्या बसले हुते. हिचा पट्टा घिऊन."

सोमनाथ हसला. मग हसू तसंच तोंडावर राहून गेलं. "तू? आन् तो इंद्रजित?"

"त्याचा आजा. आनंदराव. माझ्या गावचा हाय. ल्हानपनी काहिलीतनं आमी नदी वलांडायचो, आज तुमच्या कालव्यातनं आलो. आता काय म्हनायचं ते मला म्हना. पोरीला न्हाई."

इंद्रजित म्हणाला, "आजोबा? पण त्यांना पाण्याची भीती वाटते."

"त्याला?" धोंडाबाई म्हणाल्या. एवढंच.

वैष्णवीचे आबा पुढं आले, हँडलवरची पिशवी काढली आणि लेकीच्या हातात दिली. जावयाकडं त्यांनी पाहिलं नाही. सोमनाथनं मोबाईल खिशात घातला, बाहेर काढला, परत घातला.

"मला सांगायचं हुतंस की," तो आईला म्हणाला. मग वैष्णवीला, अगदी हळू, "तू तरी."

"तुमी इचारलं कुठं?" वैष्णवी म्हणाली. "तुमी ठिपका बघत हुता."

दिवसाची शेवटची चंद्रनाव रिकामी जाते, कारण त्या वेळी बाग बंद व्हायला येते आणि ती वेळ मोबाईलवर ठेवलेलीच नाही. ती द्यायचा अधिकार मला आहे की नाही, हे मी अजून कुणाला विचारलेलं नाही. मी सोमनाथला म्हटलं, "तुमच्या दोन जागा. जा."

धक्क्यावर आम्ही सगळेच गेलो. सोमनाथनं नावेत पाय टाकायला उचलला, तेव्हा वैष्णवीनं त्याच्या दंडाला हात लावून त्याला थांबवलं.

"म्या आत्यांबरोबर बसते."

"मी राखली हुती," सोमनाथ म्हणाला. लहान मुलगा म्हणतो तसं.

"माझ्या नावानं राखली हुती." तिनं मनगटावरचा पट्टा सोडला आणि त्याच्या तळहातावर ठेवला. "ह्यो घ्या. बघत बसा ठिपका, कुठं जातोय."

धोंडाबाईंनी चपला काढल्या. वैष्णवीनंही काढल्या. खांबाला लावायला आता एकीकडं पट्टाच नव्हता आणि दुसरीकडचा निवांत. गोरखनं माझ्याकडं पाहिलं, मग दिव्याकडं, मग पहिल्यांदाच नावेत बसणाऱ्यांच्या तोंडांकडं नीट पाहिलं, आणि दोरी सोडली.

"नाणं टाकू नका," तो ओरडला.

नाव बांबूच्या बनाकडं गेली. मंगल पाण्याच्या कडेला जाऊन बसली आणि मोठ्यानं म्हणाली की पुढच्या वर्षी ती स्वतः राखणार आहे, आणि नवऱ्याला आणणार नाही. बनातून दोन बायकांच्या हसण्याचा आवाज आला. कशाला हसल्या ते इकडं कळायला काही मार्ग नव्हता.

सोमनाथ धक्क्यावर उभा होता. एका हातात बायकोचा पट्टा. मोबाईलवर तिचा ठिपका त्याच्याच पायापाशी दिसत होता. तो थोडा वेळ त्याकडं बघत राहिला. मग खाली वाकला, दोघींच्या चपला उचलल्या आणि पाणी लागणार नाही अशा ठिकाणी नीट जोडीनं ठेवल्या.